कागदावरची शेळी

आत्याच्या गावी गेले की तिच्या बचत गटाच्या बैठकीला जाऊन बसणे हा माझा जुना छंद आहे, पण मागच्या मार्गशीर्षात मला तिथे नुसते बसता आले नाही. गटाच्या सचिव असलेल्या काकूंच्या चष्म्याची काडी त्याच दिवशी सकाळी तुटली होती. दोऱ्याने बांधून पाहिली तरी ती कानावर ठरेना, तेव्हा त्यांनी लाल पुठ्ठ्याची लांबोडकी वही सरळ माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, "तूच लिही गं, तुझं अक्षर बरं आहे." समाजमंदिरात सतरंजी अंथरलेली होती, फरशीचा गारठा तिच्यातूनही मांडीला जाणवत होता, आणि बारा बायका पत्र्याच्या एका पेटीभोवती कोंडाळे करून बसल्या होत्या. हजेरी झाली, प्रत्येकीच्या बचतीचे शंभर रुपये पेटीत पडले, आणि मग कर्जाच्या मागणीची पाळी आली. वहीत त्यासाठी चार रकाने आखलेले होते: अनुक्रमांक, सभासदाचे नाव, रक्कम आणि कर्जाचे कारण.

"दहा हजार," समोर बसलेली मामी म्हणाली. ती कोणाची मामी हे मला अजून नीट ठाऊक नाही. आत्याच्या आळीत सगळेच तिला मामी म्हणतात. मी रक्कम लिहिली आणि विचारले, "कशासाठी?"

"लिही की, शेळी."

"आगं, मागच्या बारीला बी शेळीच लिवली व्हती तिनं," कोपऱ्यातून कोणीतरी म्हणाले, आणि बैठकीत हशा पिकला. मामीही हसली, पदर तोंडाशी नेऊन, खांदे हलवीत. मी वहीची मागची पाने उलटून पाहिली. शेळी, शेळी, शिलाई मशीन, शेळी, शेती, शेळी. गटाला सहा वर्षे झाली होती आणि वहीवर विश्वास ठेवायचा तर एव्हाना त्या आळीत पाय ठेवायला जागा उरायला नको होती. मी 'शेळी' असे लिहिले. मामीने वही ओढून घेतली, पेन मुठीत धरल्यासारखे धरले, आणि एकेक अक्षर सुटे सुटे, शेवग्याच्या शेंगा मांडाव्यात तसे, काढीत सही केली.

हिशेब तपासणे हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. वीस वर्षे मी दुसऱ्यांच्या वह्यांमधल्या अशाच नोंदींखाली पेन्सिलीने रेघ ओढत आले आहे. त्यामुळे स्वतःच्या हाताने लिहिलेला तो शब्द मला झोपू देईना. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या आत्याला विचारले, तेव्हा ती अंधारातच म्हणाली, "शेळीबिळी काही नाही. तिचा पोरगा गाडीवरनं पडला, पायात सळई घातली. दवाखान्याचे दहा हजार कमी पडत होते." मग तसे का लिहिले नाही, या माझ्या प्रश्नावर ती थोडा वेळ गप्प राहिली. "तसं कोण लिहितं?" एवढेच म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

तसे कोण लिहिते, हा प्रश्न मी पुण्याला बरोबर घेऊन आले.

माझ्या आजीची बँक मिसरीच्या डबीत असे. तिच्याकडची नाणी हातात घेतली की भाजलेल्या तंबाखूचा वास बोटांना चिकटायचा आणि तो हात धुतला तरी जायचा नाही. अंडी विकून, कुणाच्या शेतात खुरपून जे चार पैसे येत ते त्या डबीत जात, आणि ते आजोबांना ठाऊक नाही असे सगळ्यांनी मिळून ठरवलेले होते. आळीतल्या बायका दुपारी, पुरुष माणसे घरात नसताना, निवडायला म्हणून सूप घेऊन येत, आणि जाताना डबीतले काही पैसे कनवटीला लावून नेत. आजीला लिहिता येत नव्हते. चुलीमागच्या भिंतीवर ती कोळशाने रेघा ओढायची: आखूड रेघ म्हणजे एक रुपया, लांब रेघ म्हणजे पाच, आणि प्रत्येकीची जागा ठरलेली. दसऱ्याला घर सारवायच्या आत पैसे परत यायचे, कारण एकदा पोतेरे फिरले की रेघा गेल्या आणि रेघांबरोबर पुढच्या वर्षाची पतही गेली. व्याज नव्हते, फार तर एखादी पायली बाजरी किंवा लोणच्याची बरणी यायची. त्या भिंतीवर नाव होते, रक्कम होती, मुदतही होती. चौथा रकाना तेवढा नव्हता. आजीने कधी कोणाला कशासाठी म्हणून विचारल्याचे मला आठवत नाही. बहुधा तिला ते ठाऊकच असायचे.

छोट्या कर्जांची जी गोष्ट जगभर सांगितली जाते तीही खरे तर याच चौथ्या रकान्यापाशी अडखळते, पण आपण ते सहसा लक्षात घेत नाही. 1976 साली बांगलादेशात चितगावजवळच्या जोब्रा गावात अर्थशास्त्राचे प्राध्यापक महंमद युनूस यांनी 42 माणसांचे मिळून 856 टाका, म्हणजे त्या वेळचे सुमारे 27 डॉलर, एवढे देणे स्वतःच्या खिशातून फेडले. त्यातून पुढे 1983 साली ग्रामीण बँक उभी राहिली, आणि 2006 साली त्या दोघांना, माणसाला आणि बँकेला, शांततेचे नोबेल मिळाले. या गोष्टीतली बांबूची स्टुले विणणारी बाई सर्वांना माहीत असते. पण तिला त्या पैशातून नवा धंदा मिळालेला नव्हता. स्टुले ती आधीही विणतच होती. तिची अडचण अशी होती की बांबूसाठी पैसे देणारा व्यापारीच तिची स्टुले स्वतः ठरवलेल्या भावात उचलून नेई, आणि दिवसभर राबून तिच्या हातात चिमूटभर काहीतरी राही. त्या टाक्यांनी तिच्या मानेवरचा हात तेवढा काढला. तिच्या अर्जाला रकाना असता तर त्यात काय लिहिले गेले असते? 'बांबू' लिहिले असते तरी खोटे नव्हते आणि 'जुने देणे' लिहिले असते तरी खोटे नव्हते.

आत्याच्या गावाहून सातारा जिल्ह्यातले म्हसवड फार दूर नाही, आणि तिथल्या बँकेची एक हकिकत त्या भागात मी कितीदा तरी ऐकली आहे. रस्त्याच्या कडेला लोखंडाचे काम करणारी एक बाई, पुढे ती बँक काढणाऱ्या चेतना सिन्हा यांच्याकडे आली, आणि तिला रोज दहा रुपये ठेवायला एक खाते हवे होते, कारण पावसाळ्याच्या आत झोपडीवर घालायला ताडपत्री घ्यायची होती. तेवढ्यासाठी खाते उघडायला कोणी तयार होईना. त्यातून 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक निघाली. तिच्या परवान्याचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने फेटाळला होता, कारण प्रवर्तक म्हणून नावे असलेल्या कित्येक बायकांना लिहिता-वाचता येत नव्हते. पुन्हा गेल्या तेव्हा बायकांनी सांगितले की आम्हाला वाचता येत नव्हते कारण आमच्या लहानपणी गावात शाळा नव्हती, पण हिशेब आम्हाला येतो. तुम्ही मुद्दल सांगा, आम्ही व्याज तोंडी काढतो, आणि तुमच्या साहेबांनाही यंत्र न घेता काढायला सांगा. हा प्रसंग चेतनाताई अनेकदा सांगतात. मला मात्र त्यातली ताडपत्रीच अधिक जवळची वाटते. ताडपत्रीने उत्पन्न वाढत नाही. पण ओल्या घरात भाता कसा चालणार, भिजलेले पोर तापाने फणफणले तर ठोक्यावर कोण बसणार, हे ज्या बाईला कळत होते तिने आपला धंदा कुठून सुरू होतो ते बरोबर ओळखले होते.

तोंडी हिशेबाचे म्हणाल तर तो मी त्या दिवशी समाजमंदिरातही पाहिला. दहा हजार रुपये, शेकडा दोन रुपये व्याज, दर महिन्याला मुद्दलाचे हजार परत. पहिल्या महिन्याचे व्याज दोनशे, दुसऱ्याचे एकशे ऐंशी, तिसऱ्याचे एकशे साठ, असे उतरत शेवटी वीस. मी मोबाईल काढेपर्यंत मामी म्हणाली होती, "अकराशे." आणि लगेच पुढचे वाक्य, जणू ते त्या आकड्याचेच शेपूट असावे: "तेवढं पेटीतच ऱ्हातंय." बाहेरच्या खासगी माणसाकडून शेकडा पाचाने दहा हजार उचलले असते तर त्याच दहा महिन्यांत व्याजाचेच पाच हजार गेले असते आणि मुद्दल जसेच्या तसे डोक्यावर राहिले असते. बारा बायकांचे दरमहा बाराशे म्हणजे वर्षाला चौदा हजार चारशे, ही रक्कम शहरात बसून ऐकणाऱ्याला किरकोळ वाटेल. पण अडीनडीला ती उद्या सकाळी मिळते, सातबारा दाखवावा लागत नाही, आणि तिच्यावरचे व्याज पुन्हा आपल्याच पदरात पडते. त्या गावात आणखी कोणाकडे पैसे या अटींवर मिळत असल्याचे मला माहीत नाही.

मग मी कामाच्या सवयीने नियम काढून वाचले, आणि तिथे मला खरा धक्का बसला. 1992 साली नाबार्डने, म्हणजे शेती आणि ग्रामविकासासाठीच्या राष्ट्रीय बँकेने, पाचशे गट बँकांना जोडण्याचा प्रयोग सुरू केला, त्याला आता तीन दशके उलटून गेली आहेत. बचत गटांना बँकांनी कर्ज कशासाठी द्यावे याविषयी रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकांत स्पष्ट म्हटलेले आहे की सभासदांची कर्जाची संपूर्ण गरज भागवावी, आणि त्या गरजेत तीन गोष्टी मोजल्या आहेत: उत्पन्न देणारी कामे, घर, शिक्षण, लग्न यांसारख्या सामाजिक गरजा, आणि जुने महागडे कर्ज फेडून टाकणे. म्हणजे ज्या खोटेपणाने माझी झोप उडवली होती त्याची कोणी मागणीच केलेली नव्हती. बँकेच्या पैशालाही ती अट नाही, आणि मामीचे कर्ज तर बायकांच्या स्वतःच्या बचतीतले होते. 'मुलाचे औषधपाणी' असे लिहिले असते तर कोणाची काही हरकत नव्हती.

तरीही कोणी तसे लिहीत नाही, आणि याचा दोष मी मामीला देऊ शकत नाही. आपल्याला कर्जाचे पापड झालेले पाहायला आवडतात. जिल्ह्याच्या प्रदर्शनात, अहवालाच्या मुखपृष्ठावर, सरकारी भिंतीवर रंगवलेल्या चित्रात हसतमुख बाई असते आणि तिच्या हातात काहीतरी असते: पापड, चटणीची बाटली, शिवलेली पिशवी, नाहीतर शेळीचे दावे. उसाच्या फडात गेलेल्या नवऱ्याला पाठवलेले पैसे, पोरीच्या वसतिगृहाची अनामत, किराणा दुकानातली तुंबलेली उधारी यांचे चित्र काढता येत नाही. महिला आर्थिक विकास महामंडळ 1975 पासून आहे, 'उमेद' हे राज्याचे ग्रामीण जीवनोन्नती अभियान 2011 पासून आहे, आणि या दोन्हींच्या गावपातळीवरच्या कार्यकर्त्या, स्वतः गटातूनच वर आलेल्या बायका, मला विलक्षण कष्टाळू वाटत आल्या आहेत. तरी वर पाठवायच्या तक्त्यात त्यांनाही व्यवसायाचेच नाव भरावे लागते. गरिबाने उसने घेतलेल्या पैशाचे काय केले हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे असे आपण कधीतरी ठरवून टाकले. माझ्या घरावरच्या कर्जाच्या वाढीव रकमेतून मी पडदे आणि एक भले मोठे कपाट घेतले, तेव्हा बँकेने मला कोणतीही शेळी दाखवायला सांगितली नव्हती.

याच आळीत दुसऱ्या प्रकारचे कर्जही मी पाहिले आहे, आणि त्याविषयी लिहिताना हात आखडतो. ठरलेल्या वारी सकाळी आठला छोटी कर्जे देणाऱ्या खासगी कंपनीचे दोन तरुण मोटारसायकलवरून येतात, पाठीला काळी बॅग, गळ्यात ओळखपत्र. ओट्यावर बायका पाच-पाचच्या रांगा करून बसतात. हप्ता टेबलावर गेल्याशिवाय कोणी उठायचे नाही. एका सकाळी एकीची जागा रिकामी होती. त्या तरुणाने आवाज चढवला नाही, काही वावगेही बोलला नाही. तो फक्त घड्याळाकडे पाहत बसून राहिला. साडेनऊ झाले, खुरपणीची वेळ टळत चालली, आणि मग रांगेतल्या बायकाच उठून तिच्या दाराशी गेल्या. दारात जे शब्द बोलले गेले ते सारे बायकांनी बायकांना बोललेले होते. आतून ती आली, डोक्यावरचा पदर घट्ट ओढलेला, आणि तिने मुठीतले पैसे न मोजता टेबलावर ठेवले. ते कोणाकडून आणले होते हे नंतर आत्याकडून कळले: दुसऱ्याच एका कंपनीच्या हप्त्यासाठी बाजूला काढलेले होते. एकमेकींच्या जबाबदारीवर मिळणारे विनातारण कर्ज ही कल्पना कागदावर फार सुंदर आहे. त्या ओट्यावर मात्र मला तिच्यात शेजारधर्म गहाण पडलेला दिसला. 2010 साली आंध्रात याच वसुलीच्या तगाद्याने आत्महत्यांच्या बातम्या आल्या आणि सरकारला अध्यादेश काढावा लागला. 2022 पासून रिझर्व्ह बँकेचा नियम असा आहे की तीन लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घराला दिलेले असे कर्ज विनातारणच असले पाहिजे, आणि सगळ्या कर्जांचे मिळून महिन्याचे हप्ते घराच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. नियम चांगला आहे. पण ज्या घराचे उत्पन्न कांद्याच्या भावावर आणि पावसावर ठरते त्याचा निम्मा भाग कोणत्या महिन्यातला धरायचा, हे मला हिशेबनीस असूनही सांगता येणार नाही.

छोट्या कर्जांनी काय बदलते हे विद्वानांनीही मोजून पाहिले आहे. 2015 साली बोस्निया, इथिओपिया, भारत, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को या सहा देशांतले अभ्यास एकत्र प्रसिद्ध झाले. आपल्याकडचा अभ्यास हैदराबादच्या वस्त्यांमधला होता, आणि तो करणाऱ्यांत पुढे नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते. निष्कर्ष साधारण असा निघाला की कर्जाची सोय झाल्यावर काही घरांनी धंद्यात अधिक पैसे घातले, खर्चाची आणि कामाची घडी आपल्या मर्जीने बसवण्याला थोडा वाव मिळाला, पण सरासरीने पाहता कोणाचे घर दारिद्र्यातून उचलून बाहेर ठेवल्यासारखा बदल दिसला नाही. हे वाचून अनेकांनी छोट्या कर्जांवर फुली मारली. मला ते घाईचे वाटते. दहा हजारांनी आयुष्य पालटावे ही अपेक्षा मुळात कोणाची होती? मामीची तर खचितच नव्हती. तिला एक महिना निभवायचा होता.

श्रावण संपता संपता मी पुन्हा गावी गेले. काकूंचा चष्मा नवा होता, वही त्यांच्याच मांडीवर होती, आणि मामीच्या नावापुढे आठ हप्ते ओळीने उतरलेले होते. नववा मी असतानाच भरला गेला. संध्याकाळी तिच्या अंगणात गेले, तेव्हा ती बाभळीच्या शेंगा सुपात पसरत होती. तिचा पोरगा काठी न घेता, जरासा लंगडत, पाण्याची घागर आणत होता. कुडाला एक काळी उस्मानाबादी शेळी बांधलेली होती, लांब लोंबत्या कानांची, आणि तिच्याभोवती एक तसलेच काळे, चांगले थोराड झालेले करडू नाचत होते. शेळीच्या अंगाचा उग्र वास, ओला पाला, चुलीचा धूर. मी चेष्टेने म्हटले, "म्हणजे घेतलीत की शेळी!"

"घितली कुठं? ही घरचीच हाय," मामी म्हणाली, आणि हात न थांबवता सांगू लागली. पोरगा दवाखान्यात होता त्याच आठवड्यात खाटीक दारात येऊन गेला होता. शेळी गाभण होती, व्यायला महिना-सव्वा महिना उरलेला, पण अडलेल्याच्या दारात गाभण शेळीलाही मटणाचाच भाव मिळतो. त्याने विसार म्हणून दोन हजार तिच्या हातावर ठेवले होते. बैठकीला येताना ते पैसे तिच्या कमरेला होते. गटाने नाही म्हटले असते तर परत जाताना दावे सोडून द्यायचे, असे ठरवूनच ती सतरंजीवर बसली होती. दहा हजार हातात पडले तशी ती आधी खाटकाकडे गेली, त्याचे दोन हजार परत केले, आणि मग दवाखान्याच्या गाडीत बसली. शेळी संक्रांतीनंतर व्याली. जुळी झाली. बोकड बाजारात गेला, त्यात तीन हप्ते निघाले. पाठ, म्हणजे मादी करडू, ठेवली आहे.

"मग तू काय लिवलं व्हतंस?" तिने विचारले. मी सांगितले. तिने मान डोलावली आणि सुपातल्या शेंगांचा एक मूठभर वाटा माझ्या ओंजळीत दिला. करडू धावत आले आणि त्याने माझी बोटे, शेंगा आणि हातरुमालाचा कोपरा असे सगळे एकदमच तोंडात धरले.